आईसाठी केअर सेंटर निवडताना: अमळनेर ते जळगाव, आखाजी ते दिवाळी

२०२५ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी आल्या, तेव्हा आईच्या पुढच्या व्यवस्थेचा विषय घरात पहिल्यांदा मोकळेपणाने निघाला. आईचं वय ७९. मधुमेह जुना, इन्सुलिन दिवसातून दोनदा. आधीच्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि उजवा हात-पाय कमजोर राहिला. आम्ही भावंडं पुणे, सुरत आणि अमळनेर अशी विखुरलेली. निर्णय होऊन सगळं मार्गी लागायला दिवाळी आली. खान्देशात वृद्धाश्रमांची नावं बहुतेकांना ठाऊक असतात. पण चालता न येणाऱ्या माणसाला कोण घेतं, रात्री त्याच्यासाठी कोण उठतं आणि महिन्याला खरे किती पैसे लागतात, ही माहिती एका ठिकाणी मिळत नाही. ती इथे क्रमाने लिहितो आहे.

सगळ्यात आधी आईला नेमकी कशाला आणि किती मदत लागते, ते कागदावर उतरवलं. डॉक्टर सहा गोष्टी विचारतात: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवण. प्रत्येकीपुढे 'स्वतः', 'एकाची मदत' किंवा 'पूर्ण मदत' असं लिहायचं. सोबत आठवडाभराची रात्रीची नोंद ठेवायची: किती वेळा उठावं लागलं, किती वाजता, उठवायला एक माणूस पुरला की दोन लागले. चालता येत असेल तर घरीच एक चाचणी होते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. याला १२ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका धरतात. चाचणी घेताना कुणीतरी अगदी शेजारी उभं राहावं.

हा कागद फार उपयोगी पडला. फोनवर पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी एकच येतो, "स्वतःचं स्वतः करतात का?" ट्रस्टचे बरेचसे आश्रम चालत्या-फिरत्या माणसांसाठीच असतात. तिथे नाश्ता, दोन वेळचं जेवण, भजन आणि सोबत असते, पण अंथरूण ओलं झालं तर बदलायला माणूस नसतो. आपल्या माणसाची गरज 'पूर्ण मदत'च्या रकान्यात असेल, तर ही यादी आधीच बाजूला ठेवावी. आश्रम कितीही चांगला असला तरी ती गरज तिथे भागणार नाही.

मग घरी ठेवण्याचा हिशोब मांडला. आमच्याकडे घरी येऊन सेवा करणाऱ्या बाया १२ तासांच्या पाळीला ५०० ते ६०० रुपये मागत होत्या. ५५० धरले, दोन पाळ्या धरल्या, तर महिन्याला ३३,००० रुपये होतात. पैशांपेक्षा मोठी अडचण माणूस टिकण्याची. तालुक्याच्या गावाला बदली बाई लगेच मिळत नाही. दिवाळी-आखाजीला सुट्टी हवीच असते. त्यात दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी जोरात असते, किलोवर मजुरी मिळते, आणि त्या दिवसांत घरकामाला किंवा सेवेला बाई मिळणं अवघड होतं. हे पुण्या-सुरतच्या भावंडांना पटकन समजत नाही. त्यांना हंगामासकट समजावून सांगावं लागतं.

मे महिन्यात जागा पाहायला सुरुवात केली. आमच्या भागात या शोधासाठी मेसारखा दुसरा महिना नाही. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी दोन-तीनच्या सुमारास जाऊन उभं राहावं. वरचा मजला पत्र्याचा आहे का, स्लॅब असेल तर वर पांढरा रंग किंवा हिरवी नेट आहे का, पलंग पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे का, ते पाहावं. कूलर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात चांगला चालतो, पण त्याला पाणी लागतं. म्हणून पाणी बोअरचं, नळाचं की टँकरचं, आणि टाकी किती लिटरची, हे विचारावं. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर फक्त पंखे चालतात की कूलरही, हेही विचारावं. एका ठिकाणी इन्व्हर्टर दाखवला खरा, पण त्यावर दिवे आणि ऑफिसचा संगणक एवढंच जोडलेलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हवेची गादी विजेवर चालते. ती बंद पडून हवा उतरली की माणूस खालच्या कडक पलंगावर टेकतो.

म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते. त्यात लघवी होण्याची, म्हणजे 'पाण्याची' गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात अंगातलं पाणी लवकर कमी होतं. वृद्ध माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला किंवा गुंगीत राहू लागला, तर त्यामागे अनेकदा पाणी कमी पडणं किंवा लघवीचा संसर्ग असतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी पाण्याची नोंदवही मागितली. चांगल्या ठिकाणी प्रत्येकाच्या नावापुढे ताक, पाणी, सरबत किती दिलं ते लिहिलेलं असतं, आणि हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला पाण्याची मर्यादा असेल तर ती लाल पेनाने वर नोंदलेली असते. नोंदवही नसेल तर निदान पलंगाशेजारचा ग्लास हाताला लागतो का, तेवढं पाहावं. आईसारख्यांचा उजवा हात चालत नाही. ग्लास उजवीकडे ठेवला तर तो असून नसल्यासारखाच.

दुसरी फेरी संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला मारावी, आणि शक्य असेल तर न कळवता. सकाळी अकराला सगळं झाडून-पुसून तयार असतं. संध्याकाळी सातला कळतं की भरवायला किती हात आहेत. झटका येऊन गेलेल्या माणसाला गिळायला त्रास होतो, पाणी पिताना ठसका लागतो, आणि अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. अशा माणसाला ताठ बसवून, छोटे घास देऊन भरवावं लागतं आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं करू नये. आडवं ठेवूनच चमच्याने भरवताना दिसलं, तर ती जागा झटक्याच्या रुग्णाची नाही. मग फरशी कितीही चकचकीत असो.

जेवणाबद्दल अजून एक. मेन्यूत पोळी, भाजी, वरण, भात लिहिलेलं असतं, पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांचा जीव भाकरीत असतो. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून मिळते का, भरीत कमी तिखट करून देतात का, हे विचारायला संकोच करू नये. जेवण आवडलं नाही तर ताट अर्धं परत जातं, आणि इन्सुलिन घेतलेल्या माणसाने अर्धं ताट टाकणं धोक्याचं असतं.

म्हणूनच साखर उतरल्यावर काय करतात, हा प्रश्न आम्ही मॅनेजरला न विचारता थेट पाळीवरच्या मावशींना विचारला. "साखर साठ आली तर काय करता?" ७० च्या खाली आली की तीन चमचे साखर पाण्यात देणं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणं, मग काहीतरी खायला देणं, हे बरोबर उत्तर. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. काही ठिकाणी "सिस्टरला फोन करतो" एवढंच उत्तर आलं, आणि सिस्टर रात्री नव्हत्या. जिथे शेवटी आईला ठेवलं, तिथल्या मावशींनी न अडखळता सगळं सांगितलं. इन्सुलिनचा फ्रिजही पाहिला. न उघडलेली इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवी, फ्रीझरला चिकटून गोठलेली वापरायची नाही.

रात्रीच्या माणसांचा हिशोब मी सगळ्यांना करायला सांगेन. समजा तीस माणसं आहेत आणि त्यात आठ जण पूर्ण अंथरुणावर. पाठीला जखम होऊ नये म्हणून त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा म्हणजे चार फेऱ्या, एकूण बत्तीस वेळा. डायपर पाहून, कूस बदलून, उशी लावून एका वेळेला सात मिनिटं धरली तर पावणेचार तास होतात, आणि या कामाला दोन माणसं लागतात. रात्रीला एकूण दोनच माणसं असतील, तर त्या वेळात दुसऱ्या खोलीतल्या घंटेला कुणी जाऊ शकत नाही. मावशींचा दोष यात नाही. ठेवलेली माणसंच कमी आहेत. "एकूण स्टाफ किती" या प्रश्नाचं उत्तर स्वयंपाकी, ड्रायव्हर, माळी धरून मिळतं. रात्री दहाला ड्युटीवर कोण कोण, नावानिशी, असं विचारावं.

कूस बदलल्याचा तक्ता भिंतीवर असतो. त्याची शाई आणि वेळ पाहावी. एका ठिकाणी दुपारी चारला गेलो, तर संध्याकाळी सहा आणि आठच्या चौकटी भरून झाल्या होत्या. तिथे पुढे काही विचारलं नाही.

संडास-बाथरूमला टेप घेऊन जावं. कमोडची उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास, बाजूला धरायला भिंतीत पक्का बसवलेला दांडा (आपण जोर लावून ओढून पाहावा), व्हीलचेअरसाठी ९० सेंटिमीटरचं दार, आणि कडी बाहेरून उघडता येण्यासारखी. रॅम्पचा उतार एकास बारा हवा. म्हणजे दोन पायऱ्या मिळून ३० सेंटिमीटर चढ असेल तर रॅम्प ३.६ मीटर लांब पाहिजे. पायऱ्यांवर नुसती फळी टाकलेली असेल तर त्यावरून व्हीलचेअर मागे घसरते.

जूनमध्ये यादी दोन जागांवर आली आणि कागदपत्रं मागायला सुरुवात केली. संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयातला शेड्यूल वनचा उतारा पाहावा. त्यात आजचे विश्वस्त कोण आणि मालमत्ता कुणाच्या नावावर, ते कळतं. आगीच्या सुरक्षेसाठी महाराष्ट्रात २००६ चा कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं फॉर्म बी प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. शेवटचा फॉर्म बी दाखवा म्हटलं की पुष्कळ समजतं. 'इथे सलाइन, ऑक्सिजन, सगळं होतं' असं सांगणारी जागा रुग्ण दाखल करून उपचार करत असेल, तर तिच्याकडे नर्सिंग होमची नोंदणी आहे का, हेही विचारावं.

नातेवाइकांत बोलणी होतातच. "लेकरं असून आश्रमात?" हे आम्हीही ऐकलं आणि ते लागलं. पण आईला विचारल्याशिवाय एकही पाऊल टाकलं नाही. तिला फोटो दाखवले, मग गाडीतून नेऊन जागा दाखवली. तिने दोनच अटी घातल्या: सुरतची मुलगी रेल्वेने सरळ येऊ शकली पाहिजे, आणि बोलायला अहिराणी बोलणारं कुणीतरी हवं. पहिलीमुळे धुळ्याची जागा मागे पडली आणि जळगावची पुढे आली, कारण सुरत-भुसावळ मार्गावर अमळनेर आणि जळगाव दोन्ही येतात. दुसरी अट मला सुरुवातीला किरकोळ वाटत होती, ती तशी नाही. झटक्यानंतर आईचं बोलणं जड झालंय, मराठीत विचारलं तर ती मान हलवते. "माय, जेवन व्हयनं का?" असं विचारलं की ती उत्तर देते, आणि काय दुखतंय तेही सांगते.

जुलैत पंधरवड्याची तात्पुरती राहणी घेतली. दिवसाला ८०० रुपये पडले. कायमचा करार करण्याआधी ही सोय मागावीच. देत नसतील तर का नाही, ते विचारावं. जाण्याआधी वजन घेतलं. माकडहाड, टाचा आणि कमरेच्या बाजूचे फोटो काढून ठेवले. परत आल्यावर पुन्हा पाहिलं. कातडीवर लाली असेल आणि बोटाने दाबल्यावर ती जात नसेल, तर जखमेची सुरुवात समजावी. आईची कातडी चांगली होती, साखरेची वही नीट भरलेली होती, वजन टिकलं होतं. झोप मात्र मोडली होती. शेजारच्या पलंगावरच्या आजी रात्री हाका मारायच्या. पलंग बदलून मिळेल का, हे करारापूर्वी विचारलं आणि तसं लिहून घेतलं.

करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर झाला. राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा चालत नाही. वाचताना वेळ द्यायच्या जागा ठरलेल्या आहेत. अनामत (आमची ५०,०००) किती दिवसांत परत मिळणार आणि माणूस गेल्यास काय. वर्षाची दरवाढ किती टक्क्यांपर्यंत. दवाखान्यात दाखल केलं तर महिन्याचे पैसे चालू राहणार का, सोबत कोण थांबणार आणि त्याचे वेगळे किती. रात्री कोणत्या दवाखान्यात नेणार आणि आम्ही पोहोचेपर्यंत सही कुणाची. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत राहणं, जेवण आणि देखभाल मिळून महिन्याला माणशी २५,००० रुपयांपर्यंतच्या आकारावर जीएसटी लागत नाही. बिलात लावला असेल तर विचारावं.

घर किंवा शेत बक्षीसपत्राने द्या, मग आम्ही शेवटपर्यंत सांभाळतो, असा प्रस्ताव कुणी ठेवला तर सही करू नये. घरच्या माणसांनाही हेच लागू. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. पण ती अट दस्तात लिहिलेली असली तरच बाजू भक्कम राहते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात करायचा. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे.

आता पैसे. महिन्याचा मूळ आकार १८,०००. डायपर दिवसाला चार, ३५ रुपयांप्रमाणे ४,२००. फिजिओथेरपी महिन्यात बारा वेळा, ३०० प्रमाणे ३,६००. औषधं, इन्सुलिन, साखरेच्या पट्ट्या धरून ३,५००. एकूण २९,३००. माहितीपत्रकात फक्त पहिला आकडा असतो. घरच्या हिशोबातही डायपर, फिजिओ आणि औषधं धरली की ३३,००० चे ४४,३०० होतात, शिवाय बायांचं चहा-जेवण. तुलना या दोन पूर्ण आकड्यांची करावी. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ते काढून घेतलं. दवाखान्यात दाखल झाल्यास वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, केअर सेंटरचा महिना त्यातून भागत नाही. आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या औषधोपचारावर जुन्या करप्रणालीत वर्षाला ५०,००० पर्यंत वजावट मिळते, पण रोखीने दिलेले पैसे धरत नाहीत. म्हणून मेडिकलचं बिलही यूपीआयने द्यावं.

कानबाईचे रोट (खान्देशातला श्रावणातला सण) घरी झाले आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये आई जळगावला गेली. नेताना सगळ्या कपड्यांवर आतून मार्किंगच्या पेनने नाव घातलं. कवळी आणि चष्म्याच्या डबीवरही घातलं. तरी साड्यांची अदलाबदल होते, कारण धुणं एकत्र होतं. त्यामुळे आता पुढून बटणाचे गाऊन दिले आहेत. कमजोर हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना शेवटी, हे फिजिओने मावशींना दाखवून दिलं.

दिवाळीपर्यंत जे दिसलं ते असं. साखर घरी होती त्यापेक्षा स्थिर आहे, कारण जेवण आणि इन्सुलिनची वेळ चुकत नाही. सोबत मिळाली. अमळनेरला ती दिवसदिवस भिंतीकडे पाहत असायची, इथे दोघी-तिघी मिळून भजनाला बसतात. उणिवाही आहेत. रविवारी फिजिओ येत नाही आणि त्या दिवशी तिला चालवलं जात नाही. डॉक्टर आठवड्याला एकदा येतात आणि घाईत असतात, म्हणून प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवावे लागतात. सणाच्या दिवसांत इथेही माणसं कमी पडतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्यापैकी एक जण तिथे राहिला, आणि पुढेही तसंच ठरवलं आहे. वाचायला-करायला काही नसणं ही मोठी उणीव. डावा हात चालणाऱ्यांना शेंगा सोलणं, वाती वळणं असं काही द्या म्हटलं, तर व्यवस्थापकांनी मान्य केलं आणि आता आठवड्यातून दोनदा होतं.

कागदांची दोन कामं लवकर उरकावीत. कुलमुखत्यारपत्र माणसाची समज शाबूत असतानाच उपयोगी असतं. समज गेली की कायद्याने ते निकामी होतं, आणि मग पालक नेमण्यासाठी न्यायालयात जावं लागतं. म्हणून बँकेत संयुक्त खातं आणि नॉमिनीची नोंद आधी केली. सही जमत नसेल तर अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. सत्तरीपुढच्यांना घरपोच बँक सेवेची मागणी करता येते. केअर सेंटरचा पत्ता देऊन अर्ज करावा आणि पोच घ्यावी. दुसरं, निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला. नोव्हेंबरमध्ये पोस्टमन टॅबसकट येऊन ७० रुपयांत करून देतो. मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, फक्त उजेड समोरून पाहिजे आणि डोळ्यांची उघडझाप करावी लागते. एकाच इमारतीत पेन्शनवाले बरेच असतील, तर व्यवस्थापकांना सांगून पोस्टमनला एकाच दिवशी बोलवून घ्यावं. आईच्या मजल्यावरच्या सगळ्यांचे दाखले असे एका दुपारी झाले.